तीन रविवार देव ऑफलाइन

घाटकोपरच्या भटवाडीतल्या त्या आठ मजली बिल्डिंगमध्ये कुणाचं वायफाय गेलं तर लोक कंपनीला फोन करत नाहीत, सातव्या मजल्यावर नलिनी राऊळच्या दारात येऊन उभे राहतात. कंपनीचा माणूस ‘उद्या येतो’ म्हणतो आणि त्याचा उद्या कुठल्या महिन्यात उगवेल ते कुणीच सांगू शकत नाही. नलिनी मात्र हाताचं पीठ धुते, गाऊनवर ओढणी टाकते आणि निघते. "राउटर कुठे ठेवलाय?" हा तिचा पहिला प्रश्न. तो कधी फ्रिजच्या मागे सापडतो, कधी पाण्याच्या पिंपाच्या खाली. तिसऱ्या मजल्यावरच्या जयंती सावंतने तर धूळ बसू नये म्हणून राउटरला लोकरीचं टोपडं विणून घातलं होतं. "पाचवी पुजायचीय का त्याची?" नलिनी म्हणाली होती. "काढ ते आधी. तापून मरेल बिचारा."

हे सगळं ती कुठल्या कॉलेजात शिकली नव्हती. ती एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क. लॉकडाउनमध्ये शाळा ऑनलाइन गेली, गणिताच्या सरांनी अख्खा एक धडा माइक बंद ठेवून शिकवला, आणि मुख्याध्यापकांनी हात टेकून सगळ्या शिक्षकांचे कॉम्प्युटर सांभाळायचं काम हिच्या गळ्यात मारलं. हिने व्हिडिओ बघून, बिघडवून, पुन्हा जमवून ते शिकून घेतलं. आणि खरं सांगायचं तर तिला ते भयंकर आवडलं. माहेरी बापाने विचारलं नाही, सासरी सासूने विचारलं नाही, भाजीत मीठ किती हेसुद्धा सांगितलं जायचं. आता बिल्डिंगमधला रिटायर्ड हवालदारसुद्धा तिच्यासमोर लॅपटॉप धरून उभा राहायचा आणि "आता काय दाबू, ताई?" असं नरमाईने विचारायचा. ते सुख नलिनीला कुठल्या देवळात मिळालं नव्हतं.

त्या सुखावर पाणी पडायची वेळ आली ती तिच्या नवऱ्यामुळे.

लवू राऊळ पवईच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून मार्चमध्ये निवृत्त झाला. एप्रिलमध्ये त्याचा गुडघा बदलला. मे महिन्यात एका सकाळी नलिनी कांदा चिरत होती आणि तो आंबेखोलला, म्हणजे कणकवलीकडच्या आपल्या गावाला, चुलतभाऊ खंडूशी घरच्या लँडलाइनवर बोलत होता. "व्हय रे, कायमचे येतो आमी. हयसर आता काय काम आसा आमचा?"

‘आमी’ हा शब्द ऐकून सुरी थांबली. त्या आमीमध्ये आपण आहोत हे तिला असं चुलत मार्गाने कळलं. गावाला जायचं तिला वावडं नव्हतं. मे महिन्यात फणस खायला ती हौसेने जायची. पण कायमचं जायचं म्हणजे तिथे ती पुन्हा राऊळांची मोठी सून. पहाटे उठून अंगण झाडा, आल्या-गेल्याला चहा टाका, आणि पुरुष ओटीवर बसून ठरवतील ते स्वयंपाकघरात ऐकून घ्या.

एकच गोष्ट बाकी होती, देवाचा कौल. आंबेखोलात विहीर खणायची असो नाहीतर पोरगी द्यायची असो, रवळनाथाला विचारल्याशिवाय कुणी पाऊल उचलत नाही. गुरव देवाच्या पाषाणावर दोन बाजूंना दोन ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न घालतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्यावर अपील नाही. आणि धाकू गुरवाच्या हातून पुरुषांच्या सोयीची पाकळीच कशी आधी पडते, याबद्दल गावातल्या बायका पाणवठ्यावर बरंच काही बोलायच्या.

घरधन्याने देवासमोर हजर राहायला हवं, हा नियम. लवूच्या गुडघ्याला तर डॉक्टरांनी तीन महिने प्रवासबंदी केलेली. त्यावर धाकूनेच तोड काढली. "व्हिडिओर येवा तुमी. देवाक काय, तो सगळीकडेच बघता." रविवारी अकरा वाजता, पूजा आटपल्यावर, असं ठरलं. मोबाइलवर हे जमण्यासारखं नव्हतं. राऊळांची खोली डक्टच्या बाजूची, तिथे मोबाइलला रेंज अजिबात नाही, ती मिळते जिन्यात, कचऱ्याच्या डब्यापाशी. तिथे उभं राहून देवाला प्रश्न विचारणं बरं दिसलं नसतं. शिवाय पाकळी पडलेली लवूला मोठ्या स्क्रीनवर, स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती. म्हणजे नलिनीचा लॅपटॉप आणि नलिनीचं वायफाय.

आता कुणी म्हणेल, हिचा देवावर विश्वास नव्हता. तसं असतं तर प्रश्नच मिटला असता. अडचण अशी की विश्वास होता, आणि चांगला घट्ट होता. उजवी पाकळी पडली असती तर ती निमूट सामान बांधून गेली असती. म्हणून तिने सरळ हिशेब केला की देवाला विचारलंच गेलं नाही, तर देव हो म्हणणार कुठून?

पहिल्या रविवारी तिने काही ठरवलं नव्हतं. लवू नवा सदरा घालून, कपाळाला गंध लावून खुर्चीत बसला, तिने लॅपटॉप उघडला आणि तिचं बोट आपसूक विमानाच्या चित्राच्या बटणावर गेलं. सगळी कनेक्शनं एका फटक्यात बंद.

"ह्या इमान कसला दिसता गो?" लवूने स्क्रीनच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"वरून विमान जात असेल," नलिनी म्हणाली. "एअरपोर्ट जवळ आहे ना. सिग्नल खातात ती."

चाळीस वर्षं यंत्रांत काढलेल्या माणसाने हे मान्य केलं. घाटकोपरच्या डोक्यावरून विमानं जातातच, आणि बायकोला यातलं कळतं हे साऱ्या बिल्डिंगला ठाऊक होतं. तो अर्धा तास विमान जायची वाट बघत बसला.

दुसऱ्या रविवारी विमान चाललं नसतं. तिने शनिवारीच लॅपटॉपची आपोआप वेळ लावायची सोय बंद केली आणि तारीख दोन हजार अकरा सालात नेऊन ठेवली. ही युक्ती तिला शाळेतल्या एका जुन्या मशीनने शिकवली होती. तारीख चुकली की वायफायच्या रेघा पूर्ण दिसतात, पण कुठलीही साइट मशीनवर विश्वास ठेवायला तयार होत नाही, दारातूनच परत पाठवते. लवू चष्मा लावून बघत राहिला. रेंज फुल्ल, आणि देव काही येईना. तिने राउटर बंद करून चालू केला, वायर काढून फुंकर मारली, नेटवर्क काढून पुन्हा पासवर्ड घातला. बिल्डिंगमध्ये करते ते सगळं तिने मन लावून केलं. फक्त तारखेला हात लावला नाही.

तिसऱ्या रविवारी ती मुळावरच गेली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन वायफायचा अडॅप्टरच डिसेबल करून टाकला. आता मशीनवर वायफायचं चिन्हच राहिलं नाही.

"अगो, वायफाय खय गेला?" लवू ओरडला. "काल होता हयसर!"

त्याने तिला लँडलाइनवरून मुलाला फोन लावायला लावला आणि स्वतःच तक्रार सांगितली. प्रीतम मालाडला एका कंपनीत कॉम्प्युटरवरच काम करतो आणि बोरिवलीला राहतो. नलिनी मोबाइल घेऊन जिन्यात गेली आणि त्याने मागितला तसा स्क्रीनचा फोटो पाठवला.

"मम्मी, अडॅप्टरवर खाली बाण दिसतोय. हे आपोआप होत नाही ना. कुणीतरी राइट क्लिक करून डिसेबल केलंय."

"असं का?"

"यार मम्मी."

"कामं नाहीत का रे तुला रविवारची?"

"मी काय बोलणार नाय," प्रीतम म्हणाला. "पण बाबांची वाट लागलीय तिकडे. आवाज ऐकलास का तू त्यांचा?"

तिने तो कान देऊन ऐकला नव्हता. परत घरात आली तर लवू खुर्चीत तसाच बसला होता. लॅपटॉप त्याने स्वतःच मिटून ठेवला होता. दुपारी तिने बांगड्याचं तिखलं वाढलं आणि त्याने ताट सरकवलं. राऊळांच्या घरात रविवारी बांगडा परत जाणं म्हणजे गंभीर प्रकार. ताप असेल म्हणून तिने कपाळाला हात लावला. कपाळ थंड होतं.

सोमवारी सकाळी देव्हाऱ्यात दिवा लागला नाही. लग्न होऊन आल्यापासून तिने तो दिवा एकही दिवस चुकलेला पाहिला नव्हता. कारखान्यात पहिली पाळी असली तरी तो पाचला उठून लावायचा.

"अहो, दिवा राहिला," ती म्हणाली.

"ऱ्हवांदे."

"का?"

तो भिंतीकडे बघत म्हणाला, "नलू, तीन आयतवार झाले. एकदा झाला तर समजलंय, दोनदा झाला तर समजलंय. देवाक माझा तोंड बघूचा नाय. माका ठावक आसा कित्या ता."

आणि मग त्याने सांगितलं. दहा वर्षांपूर्वी जत्रेत पालखी धरायचा मान राऊळांच्या थोरल्याचा होता. त्याला रजा मिळत होती. तो गेला नाही. कारखान्यात नवीन मशीन आलं होतं आणि ते दुसऱ्या कुणी उभं केलेलं त्याला चाललं नसतं. पालखी खंडूने धरली. तेव्हा कुणी काही बोललं नाही, देवही नाही. आता बोलला, इतकंच.

"आता मी इचारणार नाय. हयसरच ऱ्हवतलंय. जेचो दरवाजो बंद, तेच्या दारात किती उभ्या ऱ्हवायचा?"

म्हणजे नलिनी जिंकली. घाटकोपर सुटत नव्हतं, शाळा सुटत नव्हती, हवालदाराचा लॅपटॉप सुटत नव्हता. हवं ते सगळं तिला मिळालं होतं आणि तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं. नवऱ्याला तीन रविवार फिरवणं वेगळं. तो देवापासून तुटेल हे तिच्या हिशेबात कुठेच नव्हतं. आणि त्यातून ते मशीनचं! कुणी दुसऱ्याने उभं केलेलं चालणार नाही म्हणून हा बाबा जत्रा चुकवतो, आणि हे दुखणं तर तिचंच होतं. मागच्या दिवाळीत फराळ अर्धा टाकून ती पाचव्या मजल्यावर कुणाचा तरी राउटर बघायला धावली होती.

तिने आधी स्वस्तातली वाट धरली. कबूल न करता दुरुस्त करायचं. आठवडाभर ती "नेट आता झकास चालतंय हं" असं घरात मोठ्याने म्हणत फिरली. त्याने ढुंकून पाहिलं नाही. दिवा लागला नाही. जेवण चिमणीचं. मग तिने खंडूला परस्पर फोन करून चौथा रविवार ठरवला.

अकरा वाजता तिने अडॅप्टर चालू केला, तारीख तपासली, विमान तपासलं. कॉल पहिल्या झटक्यात लागला. चित्र इतकं स्वच्छ की पाषाणावरचा शेंदूर ओला असल्याचंही दिसत होतं. पंचायतीने देवळामागेच टॉवर बसवून घेतला होता, त्यामुळे रवळनाथाची रेंज घाटकोपरपेक्षा बरी. पाषाणावर दोन बाजूंना दोन पाकळ्या लावून धाकू गुरव तयारीत बसला होता. खंडूच्या हातात फोन होता, म्हणून मधूनमधून खंडूचं नाक दिसत होतं. आणि मागे दहा-बारा गाववाले. मुंबईकर राऊळांचा देवाशी फोन लागत नाही ही बातमी वाडीभर झाली होती, त्यामुळे दशावताराला जमावी तशी गर्दी जमली होती.

"वैनी, दादा खय?" खंडूने विचारलं.

दादा कॉटवर भिंतीकडे तोंड करून झोपला होता. "लागलाय हो फोन," नलिनी म्हणाली. "बघा तरी. रवळनाथ दिसतोय."

"तू बघ. माका बघूचा नाय. आतां लागलो तो तुझ्यासाठी लागलो."

"उठा ना."

"सांगलंय ना एकदा."

नलिनीने स्क्रीनकडे पाहिलं. तिथे खंडूचं नाक, गुरव, गाव आणि देव, सगळे कान देऊन होते. माइक बंद करायचं बटण तिच्या बोटाखालीच होतं. तिने ते दाबलं नाही. देवासमोर केलेलं देवासमोरच सांगावं, असं तिला वाटलं, आणि नंतर तिला स्वतःच्या या शहाणपणाचा थोडा पश्चात्तापही झाला.

"अहो, देवाने काही केलेलं नाही," ती म्हणाली. "लाइन मी तोडली. तिन्ही वेळा."

कॉटवरची पाठ हलली नाही. मग हळूहळू लवू वळला.

"ता इमान?"

"मीच दाबलं."

"दुसऱ्या आयतवारी? रेंज फुल्ल होती."

"तारीख फिरवली. दोन हजार अकरा केली."

"आणि वायफायच नाय झाला, ता?"

"डिसेबल केलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन." हे सांगताना तिच्या आवाजात किंचित अभिमान उतरला, तो काही तिला आवरता आला नाही. "कंपनीच्या माणसालाही सापडलं नसतं."

लवू उठला. वॉकरसुद्धा न घेता, भिंत धरत, नव्या गुडघ्याने तो खुर्चीपर्यंत आला. चेहरा लालबुंद. आठ दिवसांनी त्याच्या तोंडावर रंग दिसला म्हणून नलिनीला एवढ्या भीतीतही बरं वाटलं. आता हा ओरडणार म्हणून तिने खांदे आवळले. पण लवू तिच्याकडे बघेचना. त्याने स्क्रीनसमोर हात जोडले आणि गावची जुनी रीत असते तसं, खड्या आवाजात थेट देवाला गाऱ्हाणं घालायला घेतलं.

"बा देवा रवळनाथा, बारा वाड्यांच्या धन्या, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" तिकडून दहा-बारा गळ्यांनी साथ दिली. गाऱ्हाणं म्हटलं की माणसाने साथ द्यायची, विषय कुठला ते नंतर.

"ह्या माझ्या बायलेन तीन आयतवार तुझी लाइन तोडल्यान रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"एकदा इमान उडवल्यान, एकदा साल फिरवल्यान, आणि तिसऱ्यांदा राइट क्लिक केल्यान रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" राइट क्लिक म्हणजे काय ते आंबेखोलात कुणाला माहीत नव्हतं, पण काहीतरी भयंकर असणार असं वाटून आवाज चढला.

"तू माझ्यार रागावलंस म्हणान मी आठ दिस दिवो लावक नाय. बांगडो खावक नाय रे म्हाराजा!" इथे त्याचा आवाज फाटला. "तिका सुबुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नलिनीला आधी लाज वाटली. मग त्या शेवटच्या होकाराने तिचं डोकं फिरलं. दहा-बारा बाप्ये, त्यांतल्या निम्म्यांना ती नावाने ओळखत नव्हती, आणि सगळे एका सुरात तिला सुबुद्धी मागत होते. तिने लॅपटॉप फर्रकन आपल्याकडे ओढला. घाटकोपरला जन्मलेली बाई ती, एरवी तोंडात मालवणी कधी यायची नाही. आता आली.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा!"

साथ आली नाही. बाईने गाऱ्हाणं घातलेलं आंबेखोलात कुणी ऐकलं नव्हतं. धाकू गुरवाचं तोंड उघडं राहिलं.

"एकतीस वर्सां मी ह्या राऊळांच्या घरात भाकरी थापतंय. ह्येंच्या गुडघ्याचा तुका इचारल्यानी. झिलाच्या लग्नाचा तुका इचारल्यानी. घाटकोपर सोडूचा की नाय, ताय तुकाच इचारतत. तू देव, तुझो मान मोठो. पण ह्या घरात आणखी एक माणूस आसा. माका आजपावत एकदा कोणी इचारूक नाय रे म्हाराजा!"

खंडूचं नाकसुद्धा हलत नव्हतं. लाइन अडकली की काय म्हणून तिने सवयीने कोपऱ्यात पाहिलं. रेघा पूर्ण होत्या. नेट ठणठणीत चालू होतं, फक्त माणसं थिजली होती.

"मी चुकलंय," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज खाली आला. "तुझ्या आणि ह्येंच्या मधी मी येवक नको होतंय. तेची काय ती शिक्षा माका दी. पण तुझ्याकडे येवच्या आधी ह्येणी माका इचारूक व्हया, इतकी बुद्धी माझ्या घोवाक दी रे म्हाराजा."

पलीकडे कुणी खोकललं. धाकूने खंडूकडे पाहिलं, खंडूने फोनच्या मागून इकडेतिकडे पाहिलं. साथ द्यायची की नाही, हे कुणाला तरी विचारायला हवं होतं आणि विचारायचं कुणाला ते कळत नव्हतं.

तेवढ्यात तिच्या शेजारून, अगदी हळू, घसा खरवडल्यासारखा आवाज आला.

"व्हय म्हाराजा," लवू म्हणाला.

मग गावानेही म्हटलं, विस्कळीत, मागेपुढे.

"मगे दादा," धाकू गुरव चाचरत म्हणाला, "पाकळ्यो लायलेल्यो आसत. प्रश्न घालू काय?"

लवूने त्याला हाताने थांबवलं. खुर्ची तिच्याकडे वळवायला त्याला जरा वेळ लागला, गुडघा अजून नीट वाकत नव्हता.

"नलू," तो म्हणाला, "येतंस काय गो गावाक, माझ्यावांगडा, कायमची?"

इतक्या लोकांसमोर हा प्रश्न येईल असं तिला वाटलं नव्हतं. तिला रडू आलं आणि ते तिने लपवलं नाही.

"नाही," ती म्हणाली. "मे महिन्यात येईन. जत्रेला येईन. कायमची नाही."

लवूने मान हलवली. मग तो स्क्रीनकडे वळला आणि देवाला हात जोडले.

"पाकळ्यो काढ रे धाकू. कौल मिळालो."